इनासचा खांदा

वेलाडी गाव खाडीच्या मुखाशी आहे. इथले लोक चर्चला देऊळच म्हणतात. सांत आनाचे ते देऊळ समुद्रापासून जरा लांब, टेकाडावर बांधलेले आहे. साध्या भिंती, कौलारू छप्पर आणि निळे रंगवलेले बाक. पाहण्यासारखे असे त्यात फार काही नाही. पाहुणे येतात ते उत्तरेकडच्या भिंतीवरचे चित्र पाहायला.

चित्र शिडाच्या कापडावर काढले आहे. जुन्या शिडांचे तुकडे एकाला एक जोडले होते, त्यामुळे चित्रातल्या छतातून एक जाड शिवण आडवी गेलेली दिसते. दमट दिवसांत त्याला अजून उंडीच्या तेलाचा वास येतो, होडीला येतो तसा. चित्रात जुन्या देवळाचा आतला भाग आहे. दोन्ही बाजूंना खांब, उंच खिडक्यांतून आलेला पिवळट उजेड, गुडघे टेकून बसलेली माणसे आणि सगळ्यांच्या पलीकडे अर्धवट उघडे मोठे दार. एक बाई तोंड उघडे टाकून झोपली आहे. एका पोराच्या खिशातून खेकड्याची नांगी बाहेर आली आहे. ते पाहून पाहुणे हसतात. मग कोणीतरी विचारतेच, "पण वेदी कुठे आहे?"

देवळाच्या किल्ल्या सांभाळणारे पावलूमामा तेव्हा शांतपणे म्हणतात, "वेदी तुमच्या पाठीमागं."

सगळे वळून पाहतात. मागे नुसती पांढरी भिंत असते.

"वळलात? बरं झालं," मामा म्हणतात. "आता सांगतो."

सांगण्याआधी ते चित्रातल्या एका माणसाकडे बोट दाखवतात. चित्रातले सगळे पुरुष मान वळवून दाराकडे पाहत आहेत. आपल्याला दिसतात ते त्यांचे केस, त्यांच्या मानेच्या शिरा. एकच माणूस वळलेला नाही. त्याचे तोंड आपल्याकडे आहे, डोळे मिटलेले आहेत आणि हनुवटी छातीला टेकली आहे. त्याच्या डाव्या खांद्यावरचा रंग पार झिजून गेला आहे. तिथे वाटीएवढा डाग पडला आहे आणि जवळ गेले की आतून काहीतरी पिवळे चमकते.

"हा इनास," मामा म्हणतात. "चित्र यानंच काढलं."

असे सांगतात की जुने देऊळ खाडीच्या तोंडाशी, रेतीच्या लांबट दांड्यावर होते. बांधले तेव्हा समुद्र लांब होता. पुढे खाडीने वाट बदलली आणि मोठ्या उधाणाला पाणी देवळाच्या पायऱ्यांपर्यंत येऊ लागले. लोकांना त्याचे काही वाटत नसे. "सांत आना पाय धुते," असे बायका हसून म्हणत.

त्या देवळाची शिस्त कडक होती. पुरुष पुढे, वेदीजवळ. बायका त्यांच्या मागे. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, चालू असताना वेदीवरची नजर काढायची नाही. मान वळवली तर जाळे रिकामे येते, असा समज होता. त्या काळी पाद्रीही वेदीकडे तोंड करूनच मिस्सा म्हणत. त्यामुळे देवळात प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसे. मागे काय चालले आहे ते कोणालाच दिसत नसे.

इनास होड्यांना रंग देई. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही अंगांना तो एकेक डोळा काढी. होडी रेतीत आडवी पडलेली असली तरी ती आपल्याकडे पाहते आहे असे वाटे, म्हणे, इतका जिवंत त्याचा हात. त्याने डोळे उघडून दिल्याशिवाय गावातली नवी होडी पाण्यात जात नसे.

त्याला एकच मुलगी होती. नाताळच्या दिवशी झाली म्हणून तिचे नाव नातालीन. तो रंगवायला बसला की ती काजळीची वाटी धरून शेजारी बसे, आणि प्रश्न विचारी.

"बा, होडीला मागं डोळा का नाय?"

"होडी पुढं जाते, बाय. मागं बघून काय करायचं तिला?"

"मागं मी असते ना. किनाऱ्यावर."

इनास हसला. "तुला बघायला होडी कशाला? मी हाय की."

देवळात नातालीन आईजवळ बसे. आईचे नाव ब्रिजित. पण मिस्सा लांबली की ती हळूहळू सरकत पार दारापाशी जाई. तिथे वारा येई आणि दाराच्या फटीतून होड्या दिसत. एका रविवारी तिला राहवले नाही. अख्खे देऊळ चिडीचूप असताना मागून तिचा आवाज आला, "बा, आपली होडी हलली!"

पुढच्या रांगेत हसू फुटले. इनासचा सोबती पास्कू खालमानेने पुटपुटला, "होड्यांना दोन-दोन डोळे देतोस, एखादा स्वतःच्या मानेवर पण काढून घे."

इनासचे कान तापले. तो वळला नाही. मिस्सा झाल्यावर त्याने नातालीनला पायरीवर बसवले आणि सांगितले, "देवळात बाला हाक मारायची नाय. मारलीस तरी बा वळणार नाय. समजलं?"

तिने मान हलवली. त्यानंतर तिने देवळात कधीच हाक मारली नाही. पावसाळा आला, अर्धा सरला, ती दारापाशी बसून फटीतून पाहत राही, पण तोंडातून शब्द काढत नसे. पावलूमामा इथे थोडे थांबतात. "एवढं लक्षात ठेवा," ते म्हणतात. "पोर ऐकणारी होती."

भाद्रपदातली अवस होती आणि रविवार होता. पहाटेपासून वारा दर्याकडून होता. तरी लोक देवळात आले, कारण सांत आना पाय धुते हे सगळ्यांना ठाऊक होते. दार लोटून घेतले. पाद्री आंद्रे मिस्सा म्हणू लागले. मधली घंटी वाजली, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, पाद्रींनी प्रसाद वर उचलला.

तेव्हा मागून हाक आली. "बा!"

इनासने ती ऐकली. त्याला पहिल्यांदा राग आला. घरी गेल्यावर हिला चांगली समज देतो, असे त्याच्या मनात आले. शेजारी पास्कूने कोपराने ढोसलेले त्याला कळले. त्याने हनुवटी छातीत रुतवली आणि डोळे मिटून घेतले.

"बा, पाणी!"

या वेळी त्याच्या मानेवर काटा आला. ती उगाच हाक मारणार नाही, हे त्याला त्याच क्षणी कळले होते, असे सांगतात. पण पाद्रींचे हात अजून वर होते. ते हात खाली येऊ देत, मग वळतो, असे त्याने ठरवले. तेवढाच वेळ.

हात खाली आले नव्हते तोच मागची भिंत बसली. पाण्याने तिच्या पायातली रेती केव्हाच ओढून नेली होती. भिंत पडली नाही, माणूस थकून बसावा तशी बसली, आणि तिच्याबरोबर त्या बाजूचे छप्पर खाली आले. मग पाणी आत शिरले.

तेव्हा सगळे पुरुष वळले. मागे भिंतीच्या जागी नुसता उजेड होता.

किती माणसे गेली ते पावलूमामा सांगत नाहीत. गावात कोणीच ते मोजून सांगत नाही. बायका गेल्या, पोरे गेली. ब्रिजित ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, तिचा एक हात मोडला होता. नातालीन दाराच्या फळीखाली सापडली.

ब्रिजितने नवऱ्याला एका शब्दाने बोल लावला नाही. पण त्या दिवसानंतर ती त्याच्याशी गरजेपुरतेच बोले. जेवण वाढलंय. लाकडं संपलीत. पाऊस उघडलाय. इनासला वाटे, हिने एकदा तरी ओरडावे, हाती येईल ते फेकून मारावे. ती ते करत नसे. आणि इनासने कुंचला उचलला नाही. त्या वर्षी गावातल्या नव्या होड्या आंधळ्याच पाण्यात गेल्या.

पुढे टेकाडावर नवे देऊळ बांधायचे ठरले. जुन्या देवळाचा वेदीकडचा भाग अजून उभा होता, पण दर उधाणाला चार दगड जात होते. पाद्री आंद्रे इनासकडे आले.

"इनास, ते सगळं जायच्या आत त्याचं चित्र काढ. पुढच्या पोरांना कळू दे, आपलं देऊळ कसं होतं."

इनास आधी नाही म्हणाला. मग त्याच्या मनात आले, चित्रात तरी ती भिंत उभी राहील. त्याने होकार दिला.

गावाने जुनी शिडे दिली. त्याने ती शिवली, होड्या ठेवायच्या मांडवात ताणून बांधली आणि होडीचेच रंग घेतले, गेरू, काजळी, चुना, पिवडी, उंडीच्या तेलात खललेले. वेदीच्या सोन्यासाठी त्याने पिवळ्या बेगडाचे तुकडे चिकटवले. तो दिवसचे दिवस काम करत होता. शेवटी लोकांना बोलावले तेव्हा पुरुषांच्या डोळ्यांत पाणी आले. वेदी जशीच्या तशी होती. देवदूत, त्यांची पिसे, वरचे निळे छत, त्यातल्या चांदण्या, समईची वाकलेली कडी, सगळे होते. खाली पुढच्या रांगेच्या पाठी होत्या, आणि प्रत्येकाला आपली पाठ ओळखू येत होती.

बायका मागेच उभ्या होत्या. मग मासळी विकणारी लुसबाय पुढे झाली. तिची सून रेजीन त्या भिंतीखाली गेली होती.

"बरं काढलंस रे," ती म्हणाली. "देवदूताचं पीसन् पीस काढलंस. आन् आमी कुठं?"

इनास गोंधळला. "लुसकाकी, तुमी मागं होतां. मला दिसत नव्हतां."

"तेच म्हणते मी. आमी काय देवळातले उंदीर होतो?"

कोणी हसले नाही. ब्रिजित चित्रासमोर आली. तिने ते बराच वेळ पाहिले.

"तू होतास तिथून असंच दिसत होतं," ती म्हणाली आणि निघून गेली. वर्षभरात त्या दिवसाविषयी ती बोलली ते एवढेच.

दुसऱ्या दिवशी इनासने चुना कालवला आणि सगळी वेदी पुसून टाकली. देवदूत, चांदण्या, बेगड, सगळ्यावर चुन्याचा हात फिरवला. पाद्री आंद्रे धावत आले तेव्हा कापड कोरे पांढरे झाले होते.

"अरे, देवळाच्या चित्रात वेदी नाही?"

"पाद्रीबाबा, तुमी जिथं उभे होतां ना, तिथून काढतो. तिथून मागं बघितल्यासारखं."

पाद्री पांढऱ्या कापडासमोर येऊन उभे राहिले. "मीही पाठमोराच होतो, इनास," ते म्हणाले. "मलाही माहीत नाही तिथून काय दिसतं."

कोणालाच माहीत नव्हते. म्हणून इनासने बायकांना विचारायला सुरुवात केली. त्या मांडवात येत, रेतीत बसत आणि आपापली माणसे सांगत. कोण कुठे बसायचे, कोणाची ओढणी कशी असायची, कोण कोणाला चिमटा काढायचे. आई गेलेली पोरे येत आणि सांगत. लुसबाय आली ती सांगतच आली.

"माझी रेजीन झोपायची. देव तिला माफ करो, पाद्री बोलायला लागले की झोपायची. तोंड उघडं टाकून. तसंच काढ. मेली म्हणून तिला शहाणी करू नकोस."

इनासने तसेच काढले. लुसबायने पाहिले, हसली, आणि मग तोंडावर पदर घेऊन तिथेच बसून राहिली.

खेकडा खिशात घालून येणाऱ्या पोराची आई आली. तिला खेकडा नको होता. मग ती परत आली आणि म्हणाली, "काढ. नाय तर मला तो ओळखू यायचा नाय."

पुरुषही आले. ते रात्रंदिवस दर्यावर जाणारे लोक, बोलायला बिचकत होते. शेवटी पास्कू म्हणाला, "इनास, आमाला वळलेले काढशील? खरं नाय ते. तरी काढ."

इनासने सगळ्यांना वळवले. ज्यांची बायको गेली त्यांना बायकोकडे पाहताना काढले, ज्यांचे पोर गेले त्यांना पोराकडे पाहताना.

दारापाशी मात्र हाताच्या पंजाएवढी जागा पांढरीच राहिली. नातालीनचा चेहरा त्याला रोज डोळ्यांसमोर दिसे, काजळीची वाटी धरतानाचा, झोपेतला, जेवतानाचा. पण त्या दारापाशी, ती हाक मारताना, तो कसा होता ते त्याला माहीत नव्हते. ते एकाच माणसाने पाहिले होते. अख्ख्या देवळात त्या दिवशी एकटी ब्रिजित वळली होती. हाक ऐकून ती उठली होती, पोरीकडे जायला निघाली होती, आणि मध्येच भिंत बसली होती. हे इनासला वाचलेल्या बायकांकडून कळले होते. त्याने तिला विचारले नाही. विचारायचा हक्क आपल्याला उरला नाही, असे त्याला वाटे. तो पांढऱ्या जागेसमोर बसून राही.

एका सकाळी, ओहोटीच्या वेळी, ब्रिजित मांडवाच्या तोंडाशी आली.

"चल," ती म्हणाली.

ती पुढे, तो मागे, असे दोघे दांड्यावर गेले. जुन्या देवळाची जमीन शेवाळाने हिरवी झाली होती. वेदीची भिंत तेवढी उभी होती, आणि तिच्यावर चिंबोऱ्या फिरत होत्या.

"तुझ्या जागेवर बस."

इनासने गुडघे टेकले. ब्रिजित दगडांवरून सावकाश मागे गेली. तिची पावले थांबली. वारा नव्हता. मग मागून हाक आली. "बा!"

तो आवाज ब्रिजितचा नव्हता, असे सांगतात. तिने पोरीचा आवाज वर्षभर आत जपून ठेवला होता. इनासला वळायचे होते, पण मान वळेना. जन्मभर न वळायला शिकलेली मान ती.

"बा, पाणी!"

तो वळला.

ब्रिजित दाराच्या जागी उभी होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, रागही नव्हता. भुवया जराशा वर, ओठ उघडे, हसण्याच्या बेतात असल्यासारखे. इनासला तो चेहरा कळेना.

"ती घाबरली नव्हती," ब्रिजित म्हणाली. आता तो तिचाच आवाज होता. "तिला वाटत होतं तू वळशील. वळणारच, असं तोंड होतं तिचं. तेवढं तुला सांगवत नव्हतं मला."

मग ती त्याच्याजवळ येऊन बसली. भरतीचे पाणी गुडघ्यांना लागेपर्यंत दोघे तिथेच होते, म्हणे.

इनासने नातालीनचा चेहरा एका बैठकीत पुरा केला. चित्रात दारापाशी ती आजही आहे, भुवया वर, ओठ उघडे. शेवटी त्याने स्वतःला काढले, आणि काढले ते तोंड वेदीकडे करून, डोळे मिटून.

पास्कू चिडला. "आमाला सगळ्यांना वळवलंस, आन् स्वतः? चित्रात तरी वळ की रे. पोर बघते तुज्याकडं."

"मी वळलो नव्हतो," इनास म्हणाला.

"आमी पण नव्हतो!"

"तुमाला कोणी हाक मारली नव्हती."

ब्रिजितने हे ऐकले. चित्र नव्या देवळात लावले तेव्हा एवढेच म्हणाली, की खाली लावा, पोरांचा हात पोचेल इतके खाली. इनास पुढे बरीच वर्षे जगला. तो पुन्हा होड्या रंगवू लागला, आणि मरेपर्यंत दर रविवारी देवळात सगळ्यांत शेवटी, दाराला पाठ लावून बसला.

तो गेला तेव्हा ब्रिजित म्हातारी झाली होती. माती देऊन लोक देवळात परतले. ती कोणाचा आधार न घेता चित्रापाशी गेली आणि मोडून जुळलेला आपला हात तिने चित्रातल्या इनासच्या खांद्यावर ठेवला. झोपलेल्याला हलवतात तसा तो खांदा तिने दाबला.

"इनास," ती म्हणाली, "आता वळ. पोर केव्हाची हाक मारते."

तिथे उभ्या असलेल्या एका लहान मुलीने ते पाहिले. ब्रिजित बाजूला झाल्यावर तिनेही पुढे होऊन तसाच हात ठेवला. मग दुसऱ्या पोराने ठेवला.

आजही वेलाडीत मुले पहिला ख्रिस्तप्रसाद घेतात त्या दिवशी आधी या चित्रापाशी येतात, इनासच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "बा, मागं बघ." आजही इथे पोरांना पुढे, वेदीजवळ बसवतात, आणि मधली घंटी वाजण्याआधी अख्खे देऊळ, पाद्रींसकट, एकदा दाराकडे पाहते. गावच्या होड्यांना पुढे दोन डोळे असतात आणि मागे एक.

मागे शहरातून चित्रे दुरुस्त करणारे लोक आले होते. त्यांनी शिवण सांधली, धूर काढला, रंग उजळला. खांद्याला मात्र गावाने हात लावू दिला नाही. तिथे पोरांच्या बोटांनी रंग गेला, मग त्याखालचा चुना गेला, आणि आता आतला, पुसलेल्या वेदीचा बेगड दिसू लागला आहे. दुपारचे ऊन दारातून आत आले की इनासच्या खांद्यावर तेवढीच जागा सोन्यासारखी पेटते. पावलूमामा पाहुण्यांना त्या वेळेपर्यंत थांबवून घेतात.

"मघाशी विचारत होतां ना," ते म्हणतात, "वेदी कुठं? ती बघा."